सी भाषेतील जुने उदाहरण-प्रोग्राम आणि कंपायलरचे दोषसंदेश : एक ऐतिहासिक विचार

सी भाषेत लिहिलेली एखादी लायब्ररी आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी, ती निर्विघ्नपणे बांधली जावी, आणि तिच्याच सोबत आलेला वीस-पंचवीस ओळींचा उदाहरण-प्रोग्राम मात्र कंपायलरने नाकारावा, हा अनुभव संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवा नाही. अशा वेळी दोन स्पष्टीकरणे सहज सुचतात. उदाहरण लिहिणाऱ्याने हयगय केली असावी, किंवा आपल्या यंत्रावरील मांडणीत काही उणे राहिले असावे. ही दोन्ही कारणे कधी कधी खरी असतात. परंतु पुष्कळदा खरे कारण तिसरेच असते : तो प्रोग्राम ज्या वर्षी लिहिला गेला त्या वर्षी तो बिनचूक होता, आणि त्यानंतर भाषा बदलली. लायब्ररीच्या मूळ संहितेची डागडुजी वेळोवेळी होत असते. उदाहरणांच्या फायली बहुधा बांधणीच्या नित्यक्रमात नसतात, म्हणून त्या लिहिल्या त्या दिवशीच्या रूपातच पडून राहतात. आपल्याकडील इतिहाससंशोधक बखर आणि अस्सल कागद यांत भेद करतात. लायब्ररीची माहितीपुस्तिका ही बखरीसारखी, मागाहून सुधारलेली असते. उदाहरण-प्रोग्राम हा अस्सल कागद होय. दोषसंदेशाच्या शब्दांवरून या कागदाचा काळ आणि बिघाडाचे कारण ही दोन्ही बऱ्याच अंशी ठरविता येतात, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

त्यासाठी सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेणे सोयीचे होईल. ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरील ग्रंथाची पहिली आवृत्ती 1978 साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी जगाला अभिवादन करणारा जो लहानसा प्रोग्राम आहे, त्यात हेडर फाईल अंतर्भूत करणारी ओळ नाही, आणि ‘मेन’ या फंक्शनच्या मागे त्याचा प्रकारही लिहिलेला नाही. तोच प्रोग्राम 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीत येतो तेव्हा हेडर फाईलची ओळ आलेली दिसते. ‘मेन’ मात्र अजूनही प्रकाराविना आहे. मे 2024 मध्ये निघालेल्या जीसीसी 14 या कंपायलरला हे दोन्ही पाठ नेहमीच्या पद्धतीने दिले असता पहिल्यास दोन दोष लागतात, दुसऱ्यास एक. ‘मेन’चा प्रकार सांगितलेला नाही, हा दोष दोन्हींत समान आहे, ‘प्रिंटएफ’ची घोषणा नाही, हा केवळ पहिल्यात. दहा वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन आवृत्त्यांतील भेद आजचा कंपायलर अशा रीतीने नेमका मोजून देतो.

या दोन उणिवांचे मूळ सी भाषेच्याही मागे जाते. सी ही बी या भाषेतून निघाली, आणि बी ही बीसीपीएल या भाषेतून. या दोन्ही पूर्वज भाषांत प्रकार ही कल्पनाच नव्हती. यंत्राचा शब्द हेच एकमेव मूल्य असे. बेल प्रयोगशाळेत पीडीपी-11 हे यंत्र आल्यावर, त्यात प्रत्येक अक्षरास स्वतंत्र पत्ता असल्यामुळे, रिचींना अक्षर आणि पूर्णांक यांत भेद करणे भाग पडले आणि 1971 ते 1973 या काळात सी भाषा आकारास आली. तरीही जेथे काहीच लिहिलेले नाही तेथे पूर्णांक समजावा, आणि ज्या फंक्शनची घोषणा झालेली नाही ते पूर्णांकच परत करते असे धरावे, ही बी भाषेची सवय तशीच राहिली. तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पीडीपी-11 वर पूर्णांक 16 बिटांचा आणि पत्ताही 16 बिटांचाच. म्हणून गृहीत चुकले तरी मूल्य सहसा शाबूत राही. शिवाय, कसून तपासणी करणे हे त्या काळी कंपायलरचे काम मानले जात नसे. त्यासाठी स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम लिहिला होता. कंपायलरने जलद भाषांतर करावे आणि संशय घेण्याचे काम लिंटने करावे, अशी ती श्रमविभागणी होती.

यंत्रे बदलली तेव्हा या सवयीचे रूप पालटले. आजच्या 64 बिटांच्या प्रचलित यंत्रांवर पत्ता 64 बिटांचा असून पूर्णांक 32 बिटांचाच राहिला आहे. लायब्ररीतील एखादे फंक्शन पॉइंटर परत करीत असेल आणि उदाहरण-प्रोग्रामात त्याची घोषणा नसेल, तर जुन्या नियमाने कंपायलर ते मूल्य पूर्णांक समजतो आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पत्ता लहान असेल तोवर काहीही बिघडत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर तो चालतो, दुसऱ्याच्या यंत्रावर कोसळतो, आणि कोसळतो तोही चुकीच्या ओळीपासून दूर कोठेतरी. ज्याने असा दोष शोधण्यात दोन-तीन दिवस घालविले आहेत, त्याला कंपायलरची नवी कठोरता जाचक वाटणार नाही.

ही कठोरता येण्यास मात्र फार काळ लागला. 1983 साली नेमलेल्या अमेरिकन मानक समितीने 1989 मध्ये सी भाषेचे पहिले मानक सिद्ध केले. फंक्शनला द्यावयाच्या मूल्यांचे प्रकार घोषणेतच सांगण्याची रीत तिने सी++ वरून घेतली, पण जुनी रीतही वैध ठेवली. 1999 च्या मानकाने प्रकाराविना घोषणा आणि घोषणेविना फंक्शन या दोन्ही सवलती काढून घेतल्या. तथापि कंपायलरांनी त्यानंतरही केवळ सूचना देऊन भाषांतर चालू ठेवले. क्लँगने 2023 मध्ये आपल्या 16 व्या आवृत्तीत, आणि जीसीसीने 2024 मध्ये, या सूचनांचे दोषांत रूपांतर केले. म्हणजे नियम झाल्यापासून अंमलबजावणीपर्यंत सुमारे पाव शतक गेले.

हा विलंब केवळ जुन्या प्रोग्रामांच्या दयेपोटी झाला असे नव्हे. ऑटोकॉन्फसारखी साधने लायब्ररी बांधण्यापूर्वी शेकडो इवलाले प्रोग्राम भाषांतरित करून यंत्रात कोणती सोय आहे याची चाचपणी करतात. हे चाचणी-प्रोग्रामच जुन्या पद्धतीने लिहिलेले असले, तर कडक कंपायलर त्यांना नाकारतो. आणि बांधणीची यंत्रणा त्याचा अर्थ ‘ही सोय यंत्रात नाही’ असा घेते. दोष कोणाच्याही नजरेस पडत नाही. लायब्ररी बांधली जाते, पण एखादा अवयव गमावून. फेडोरासारख्या लिनक्स वितरणांच्या कार्यकर्त्यांना जुनी पॅकेजे आधी तपासून दुरुस्त करावी लागली, ती याच भीतीमुळे. लायब्ररी निर्विघ्न बांधली गेली आणि तिचे उदाहरण मात्र नाकारले गेले, या आरंभीच्या कोड्याचे उत्तरही काही वेळा येथेच सापडते : गळालेल्या अवयवाची हाक प्रथम उदाहरणच मारते.

घोषणेच्या अभावाचा संदेश दिसताच तो प्रोग्राम जुना ठरविण्याची घाई मात्र करू नये. योग्य हेडर फाईल अंतर्भूत केलेली असूनही हा संदेश येऊ शकतो. ‘एसटीडी’ या पर्यायाने शुद्ध सी99 मागितली असता, मानकात नसलेली पण पॉझिक्समध्ये असलेली फंक्शने जीलिबसीच्या हेडर फायली झाकून ठेवतात. ‘एसटीआरडप’ हे त्यांपैकी एक. तेथे प्रोग्रामात उणे काही नसते. मागणी अधिक कडक केलेली असते.

दुसरा वर्ग लिंकरच्या दोषांचा. ‘अमुक नावाचा संदर्भ अपरिभाषित’ असा संदेश आला की विद्यार्थी पुन्हा हेडर फायली तपासू लागतो, आणि येथेच त्याचा वेळ वाया जातो. हा संदेश कंपायलरचा नव्हेच. त्याचे काम तोवर यशस्वीपणे संपलेले असते. युनिक्सचा लिंकर आज्ञेतील फायली डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि एखाद्या लायब्ररीच्या संग्रहातून त्या क्षणी ज्या नावांची गरज शिल्लक आहे तेवढेच घटक उचलतो. म्हणून लायब्ररीचे नाव प्रोग्रामाच्या आधी लिहिले, तर त्या वेळी गरज कोणतीच नसते. सामायिक लायब्ररींच्या बाबतीत ही चूक बरीच वर्षे झाकून राहिली, कारण लिंकर त्या सरसकट जोडत असे. उबुंटूने ऑक्टोबर 2011 च्या 11.10 या आवृत्तीत गरज असेल तीच सामायिक लायब्ररी जोडण्याचे धोरण डीफॉल्ट केले, तेव्हा असंख्य माहितीपुस्तिकांतील आज्ञा एका दिवसात चुकीच्या ठरल्या. येथे प्रोग्रामाचे एक अक्षरही बदलावयाचे नसते. केवळ शब्दांचा क्रम फिरवावयाचा असतो.

याच वर्गातील ‘एकाच नावाची अनेक व्याख्या’ हा दोष फोर्ट्रानची आठवण करून देणारा आहे. एकच चल अनेक फायलींत व्याख्येविना मांडला तर ते सर्व एकच समजावेत, ही मुभा फोर्ट्रानच्या सामाईक स्मृतिखंडांसारखी होती, आणि युनिक्सवरील सी कंपायलर ती देत असत. जीसीसी 10 ने मे 2020 मध्ये ती बंद केली. हेडर फाईलमध्ये ‘एक्स्टर्न’ हा शब्द न लिहिता चल मांडणारे उदाहरण त्यापूर्वीचे, असा अंदाज करण्यास हरकत नाही.

सर्वांत अलीकडचा थर एप्रिल 2025 च्या जीसीसी 15 चा आहे. हा कंपायलर दुसरे काही न सांगितल्यास सी23 हे मानक गृहीत धरतो. त्यात ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द झाला असल्यामुळे, तो स्वतःच बनवून घेणाऱ्या जुन्या लायब्ररींच्या हेडर फायली अडखळतात. याहून मौजेची गोष्ट रिकाम्या कंसांची आहे. 1978 साली फंक्शनच्या घोषणेतील रिकाम्या कंसांचा अर्थ ‘मूल्यांविषयी काही सांगितलेले नाही’ असा होता. आता तो ‘मूल्ये मुळीच नाहीत’ असा आहे. उदाहरण-प्रोग्रामात अशा कंसांनी घोषित केलेल्या फंक्शनला दोन मूल्ये दिली, की मूल्ये अधिक झाल्याची तक्रार येते.

या सर्वांवर सोपा तोडगा म्हणजे कंपायलरला जुनी बोली बोलावयास सांगणे. ‘एसटीडी’ला ‘जीएनयू89’ हे मूल्य दिले असता 1988 चा पाठ विनातक्रार भाषांतरित होतो, आणि 1978 चा एका सूचनेवर सुटतो. दोन्ही प्रोग्राम पडद्यावर तीच ओळ उमटवितात. मात्र ‘मेन’च्या अखेरीस काही परत केले नाही तर शून्य समजावे, हा नियम 1999 चा, जुन्या बोलीत तो नाही. त्यामुळे एक्स86-64 लिनक्सवर या प्रोग्रामाचा समाप्ती-अंक शून्य न येता बहुधा 13 येतो, कारण तेवढी अक्षरे छापणाऱ्या फंक्शनने मागे ठेवलेले मूल्य तेच असते. अभिवादन अचूक छापले जाते, आणि ‘मेक’ हा प्रोग्राम त्या अंकावरून चाचणी फसली अशी नोंद करतो.