गोचिडींची संख्यागतिकी (बेळगाव-निपाणी सीमाभाग)

गुरांच्या व रानटी प्राण्यांच्या अंगावर रक्त पिऊन जगणाऱ्या गोचिडींची संख्या ऋतुमानाप्रमाणे आणि आश्रयदात्या प्राण्यांप्रमाणे कशी वाढते-घटते, याचा अभ्यास. कोणत्याही वेळी बहुतेक गोचिडी जनावरावर नसतात. अंडी व डिंभांच्या रूपात त्या जमिनीवर असतात. त्यामुळे नुसती अंगावरची मोजदाद अर्धवटच म्हणावी लागते.

निपाणी-चिकोडीकडच्या गोठ्यांत आढळणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही जात डिंभ, अर्भक व प्रौढ या तिन्ही अवस्था सुमारे तीन आठवड्यांत एकाच जनावरावर पुऱ्या करते. टम्म फुगलेली मादी गळून पडते, भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. मोजणीसाठी जनावराच्या एका कुशीवरच्या 4.5 ते 8 मिमी लांबीच्या माद्या मोजून आकडा दुप्पट करतात. गोचिडी सर्व गुरांवर सारख्या वाटल्या जात नाहीत. थोड्या जनावरांवर बहुतेकींची गर्दी असते. परजीवींच्या अशा विषम वाटणीला क्रॉफ्टन यांनी 1971 मध्ये गणिती रूप दिले. अँडरसन व मे यांनी 1978 मध्ये ते पुढे नेले. संकरित होल्स्टीन गाईंच्या मानाने खिलारांवर गोचिडी कमी टिकतात. गुरे तंबाखूच्या काढ्याने धुण्याचा जुना उपाय निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत सुचावा हे साहजिकच. पण निकोटिन जनावरालाही बाधते, आणि फटीतली अंडी तशीच राहतात.

पश्चिमेकडे, खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि चोर्ला घाटाखाली, प्रश्न माणसांच्या जिवाचा होतो. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात आढळलेल्या माकडतापाचा विषाणू मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा ही गोचीड पसरवते. तिला तीन अवस्थांसाठी तीन आश्रयदाते लागतात. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात गुरांवर, डिंभ पावसाळ्यानंतर उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांवर, तर अर्भके साधारण डिसेंबर ते मे या काळात माकडांवर व माणसांवर चढतात. गुरांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही, मात्र त्यांच्यावर गोचिडी पोसल्या जातात. जंगलालगत गुरे वाढली की गोचिडी वाढतात, असे बोशेल यांनी 1969 मध्ये मांडले. रानातल्या गोचिडी मोजण्यासाठी पालापाचोळ्यावरून पांढरे कापड ओढतात व त्याला चिकटलेल्या जिवांची जात आणि अवस्था पाहतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास विखुरतात. म्हणून त्या जागेभोवती 50 मीटरपर्यंत कीटकनाशक फवारतात.

अर्भकांचा हंगाम नेमका काजूच्या हंगामाला गाठतो. गोव्यात सत्तरीतील पाली येथे 2015 मध्ये व सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये साथ आली. काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांनाही लागण झाली. माकडतापावरची जुनी लस 2022 मध्ये बंद झाली. तूर्त बचाव म्हणजे गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल लावून रानात जाणे आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासणे.