सीताबर्डीवर हत्ती विकायचे आहेत

सोमवार, 4 सप्टेंबर 1854. नागपूर. सीताबर्डीच्या मोकळ्या जागेत तुम्ही घोटाभर चिखलात उभे आहात आणि समोर भोसल्यांचा पीलखाना, पागा, उंट आणि गोठा असं सगळंच लिलावाला काढलंय. पोळा होऊन जेमतेम दोन आठवडे झालेत. काही बैलांच्या शिंगांवर हिंगूळ अजून दिसतोय.

तुम्ही बैलांचे व्यापारी आहात. एका जोडीजवळ जाता, खालचा ओठ ओढून दात पाहता. दोन्ही बैल चार दाती, म्हणजे ऐन उमेदीतले. खांद्यावरून हात फिरवता. खांद सुजलेली नाही, कातडं सोललेलं नाही. याचा अर्थ जोडी ओझ्याला कधी जुंपलेलीच नाही, वाड्यातल्या माणसांची गाडी ओढायला ठेवलेली असणार. खुरं कोरडी आहेत का ते पाहायचंय, पण या चिखलात ते कळायचं नाही. अशी जोडी बाजारात दोनशेच्या खाली मिळत नाही, हे तुम्हाला पाठ आहे.

पुकारा सुरू होतो. नेहमीच्या बाजारात तुम्ही आणि विकणारा रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवता, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. इथे सगळं मोठ्याने, चारचौघांत. पाच रुपये. पुढे कोणी बोलत नाही. जोडी पाच रुपयांना जाते.

तुमचा हात वर जायचा राहून गेला. शेजारचा हसतो. "भाऊ, बैल काय पाहून ऱ्हायले? गर्दी पाहा ना!"

तुम्ही गर्दी पाहता. बाहेरगावचे जनावरांचे दलाल आहेत, ईस्ट इंडिया कंपनीच्या छावणीतले चार लोक आहेत, बघे तर चिक्कार. पण ज्यांना ही जनावरं नावानिशी ठाऊक आहेत, ज्यांच्या दारात ती शोभली असती, ते मानकरी आणि सरदार फिरकलेलेसुद्धा नाहीत. धन्याच्या गोठ्यातला बैल बोली लावून घरी न्यायचा, म्हणजे उद्या गावात तोंड दाखवायची पंचाईत. भाव पडतो तो इथे. बैलात खोट नाही. बोली लावण्याची ऐपत असलेला माणूस लाजेने घरी बसलाय.

मागची हकीकत तुम्हाला ठाऊक आहेच. तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. मुलगा नाही. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही आणि मार्च 1854 मध्ये नागपूरचं राज्य कंपनीच्या मुलखात गेलं. मग वाद उरला वाड्यातल्या चीजवस्तूंचा. राण्या म्हणत होत्या की हे घराण्याचं खासगी धन. कंपनीचं म्हणणं की हे राज्याचं, म्हणून आता आमचं. विकून आलेल्या पैशाचा फंड करू आणि त्यातून राण्यांचा खर्च चालवू. म्हणजे ज्यांचा माल विकला जातोय त्यांना चढ्या भावाची गरज, आणि जो विकतोय त्याला काम उरकण्याची घाई. लिलावात नफा शोधणाऱ्याने ही जागा नीट ओळखावी. विकणारा आणि मालक एकच असले की घासाघीस होते. ते वेगळे असले की माल नुसता निकालात निघतो.

हिशोब करून बघा. या विक्रीत हत्ती, उंट, घोडे आणि बैल मिळून पाच-सहाशे जनावरं गेली. आले 1,300 पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण 13 हजार रुपये. सरासरी काढली तर जनावरामागे पंचवीसच्या आगेमागे रुपये पडतात, आणि त्या सरासरीत हत्तीही आला! तरी हत्तीवर बोली लावू नका. राजाला हत्ती परवडतो कारण त्याच्यामागे जहागिरी असते. तुमच्यामागे बायको आहे आणि ती विचारणार आहे. ज्या वस्तूला रोज खायला लागतं, तिची किंमत लिलावाच्या दिवशी ठरत नाही.

बैलांच्या जोडीचे दोनशे आणि पाच हे आकडे राण्यांनीच आपल्या तक्रारअर्जात घातले होते. त्याचा उपयोग झाला नाही. वाड्यातलं सामान हलवायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्या राणी बाकाबाईसाहेबांनी धमकी दिली की सामानाला हात लावाल तर वाडाच पेटवून देईन. सामान हललं. दागिनेही हलले, थोडे राण्यांच्या हाती ठेवून.

तेव्हा तुम्हीही हला.

1855, कलकत्ता. हॅमिल्टन आणि कंपनी या नामांकित जवाहिऱ्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिलीय: नागपूरकरांचं जडजवाहीर जाहीर लिलावाने विकणे आहे. तुम्ही आता जवाहिरे झालात. पोशाख बदला, चिखल झटका.

इथली गर्दी वेगळी, लाजेचा प्रश्नच नाही. नागपूर लांब आहे आणि भोसल्यांचं नाव या शहराला गोड लागण्याचं कारण नाही. 1742 मध्ये पहिल्या रघुजींच्या फौजा बंगालवर आल्या तेव्हा त्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो मराठा खंदक म्हणूनच ओळखला गेला. त्याच रघुजींच्या घराण्याचे दागिने आता या शहरात पेटीतून उतरताहेत.

असा एखादा शिरपेच हातात आला तर तुम्ही काय पाहाल? खडा काढून विकला तर किती, सोनं वितळवलं तर किती. सराफाच्या भाषेत मोडीचा भाव. घडणावळीचा पैसा कोणी देत नाही, आणि शिरपेच कोणाच्या कपाळावर होता याचा तर मुळीच नाही. जुन्या दागिन्यात गिऱ्हाइकाला खरा फायदा होतो तो इथेच, आणि नुकसानही इथेच: खडे सुटे झाले की दागिना संपला, उरले फक्त रत्ती आणि तोळे. मला विचाराल तर खरेदीदाराने एवढा एक मोह आवरावा. मोडून विकायच्या हिशोबाने बोली लावा, पण घेतल्यावर मोडू नका.

या लिलावांनी वऱ्हाड-नागपुरात आणि आसपासच्या मुलखात जी चीड पसरली, ती राज्य गेल्याच्या चिडीपेक्षा मोठी होती, असं जॉन के या इंग्रज इतिहासकाराच्या कानावर आलं होतं. तीन वर्षांच्या आत 1857 उजाडलं. जवाहिऱ्याच्या वहीत मात्र याची नोंद नाही.

आता एकदम 29 एप्रिल 2025. लंडन, सदबीज. पहिल्या रघुजींची तलवार पुकाऱ्याला आहे. सरळ युरोपीय पातं, म्हणजे फिरंग, आणि पात्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजी भोसले सेनासाहेब सुभा असं नाव. तलवार लिलावात आहे हे महाराष्ट्र सरकारला कळलं ते जवळजवळ आदल्या दिवशी. धावपळ करून मध्यस्थ उभा केला आणि तलवार घेतली. वाहतूक, विमा, सगळं धरून 47 लाख 15 हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली.

तुम्ही खोलीत मागे उभे राहून मनातल्या मनात बोली लावा. जे नाव सीताबर्डीवर ओझं होतं, कलकत्त्यात ज्याला शून्य किंमत होती, तेच नाव इथे पात्यापेक्षा महाग आहे. महाग पडली का? अशा तलवारी दर हंगामात निघत नाहीत, आणि मालकाचं नाव कोरलेल्या तर फारच विरळा. माझ्या मते सौदा रास्त झाला. चरफडायचंच तर वेळेवर चरफडावं. हीच वस्तू देशात असती तर गणित निराळं असतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाहीत, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं की भाव खाली येतो. देशातल्या लिलावात जुनी वस्तू त्या मानाने स्वस्त दिसते ती त्यामुळे. दुकानदाराच्या प्रेमापोटी नव्हे. नोंदणीचा कागद मागा, तो देत नसेल तर चहा पिऊन उठा.

आता सिल्वासाजवळचं दादरा. आजचा दिवस. हा गावही एकदा व्यवहारातूनच हात बदलून गेलाय. मराठ्यांनी 1772 मध्ये सांताना नावाचं पोर्तुगीज जहाज पकडलं, त्याच्या भरपाईपोटी 1783 मध्ये शेजारचं नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेलं, आणि 1785 मध्ये त्यांनी दादरा सरळ विकत घेतलं. 1954 च्या जुलैत ते सुटलं.

तुम्ही उभे आहात बँकेने टाळं ठोकलेल्या एका कारखान्याच्या आवारात. सिल्वासा-दादऱ्यात राजवाड्यांचे लिलाव होत नाहीत, हे होतात. आत धाग्याला कुरळेपणा आणि फुगीरपणा देणारी टेक्श्चरायझिंगची यंत्रं ओळीने उभी. नोटीस "जसे आहे जेथे आहे" या धर्तीवर. आज पाहणीचा दिवस आणि तुमच्याखेरीज आलेत तिघे भंगारवाले, तिघे एकमेकांशी फार गोडीने बोलताहेत. त्यांचा भाव आत येण्याआधीच ठरलाय. ते यंत्र किलोवर घेतात. आवारात याच धंद्यातला एकही शेजारी कारखानदार नाही, कालपर्यंत ज्याच्याबरोबर जेवलो त्याचा माल कसा उचलायचा म्हणून. सीताबर्डीची गर्दी आठवली ना?

हरखून जाऊ नका. टॉर्च काढा. पॅनेलचं झाकण उघडून तांब्याच्या तारा आहेत की कोणी ओढून नेल्यात ते पाहा. मोटरवरची पाटी वाचा, फोटो काढा. यंत्र हाताने फिरतंय का बघा. बोली जिंकलीत तर 25 टक्के रक्कम लगेच भरावी लागते आणि उरलेली साधारण पंधरा दिवसांत. नाही जमलं तर भरलेलेही जातात. म्हणून कर्ज आधी मंजूर करून घ्या, बोली नंतर.

आणि बँकेच्या साहेबांना एक प्रश्न विचारा: आधीच्या मालकाचं वीजबिल किती थकलंय? मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर अशी थकबाकी नव्या खरेदीदाराकडे मागता येते, त्याने जोडणी मागितली की.

साहेब फाईल चाळतात. "ते तुम्ही वीज कंपनीतच विचारा."

मग तिकडेच जा. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पोचा, आणि आकडा कागदावर घ्या.