कलोसियम आणि शनिवारवाडा

रविवारी कोथरूडला ताईकडे गेलो होतो. भाचा 'असॅसिन्स क्रीड ब्रदरहूड' (२०१०) खेळत बसला होता. पडद्यावर इ.स. १५०० च्या सुमाराचं रोम, आणि त्याचा एझिओ माकडासारखा कलोसियमवर चढतोय! मी चहा विसरून बघत राहिलो.

आवडलं ते हे, की त्यांनी कलोसियम भग्नच दाखवलंय. इ.स. ८० मध्ये टायटसने खुलं केलं तेव्हाचं चकचकीत रूप दाखवायचा मोह सहज झाला असता. पण १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची भिंत ढासळली, आणि मग लोक ते आयते चिरे शतकानुशतकं नेत राहिले. रोममधले कितीतरी वाडे त्यातूनच उठले. एझिओच्या काळात ती जवळजवळ दगडाची खाणच होती.

भाचा म्हणाला, "मामा, आपल्या शनिवारवाड्यावर असं चढता येईल?"

कशावर चढणार बाबा? १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८ च्या आगीत गेला. राहिले तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती. दगड चोरून नेला तरी थोडा मागे उरतो, लाकूड जळलं की संपलंच.

त्याने गेम थांबवला (नवलच!). "मग वर काय होतं?"

"सर्वांत वर मेघडंबरी. तिथून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा म्हणतात."

तो उठून गॅलरीत गेला. ताईच्या गॅलरीतून समोरच्या सोसायटीचं पार्किंग दिसतं.