चांपानेर-पावागड : वर देवी, पायथ्याशी राजधानी

बडोद्याहून हालोलमार्गे सुमारे 50 कि.मी.वरील चांपानेर-पावागड 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आपल्यापैकी बरेच जण कालिकामातेचे दर्शन घेऊन पायथ्याचे शहर न पाहताच परततात. सभासदांनी येथे पूर्ण दिवस द्यावा, असे आम्ही सुचवतो.

इतिहास : खीची चौहानांचा हा गड महमूद बेगडाने दीर्घ वेढ्यानंतर 1484 मध्ये जिंकला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. 1535 मध्ये हुमायूनने चांपानेर घेतले. पुढे राजधानी अहमदाबादला गेली आणि शहर ओस पडले. अठराव्या शतकात गड शिंद्यांकडे आला. 1803 मध्ये इंग्रजांनी तो घेतला व तहानंतर शिंद्यांना परत दिला. त्यामुळे मराठी कुटुंबांना ही जागा परकी नाही.

काय पाहावे : खाली जामी मशिदीचे कोरीव खांब व दोन मिनार, शहराचा तट, गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची वाव, वर कालिकामाता, लकुलीश मंदिर व जैन मंदिरे.

कसे जावे : सकाळी लवकर निघून आधी दर्शन घ्यावे. माचीपर्यंत वाहन जाते. पुढे पायऱ्या किंवा रोपवे. रोपवेनंतरही बऱ्याच पायऱ्या आहेत, हे गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे. जोराचा वारा असल्यास रोपवे थांबतो. नवरात्रात फार गर्दी असते. शहर निवांत पाहायचे तर इतर दिवस निवडावा.

मुलांना-नातवंडांना सोबत न्यावे, आणि जुन्या भिंतींवर नावे कोरायची नसतात हेही तिथेच सांगावे.