जागेवर राहिलेले दगड

मुंबईतलं शिल्प बघायचं म्हटलं की लोक गेटवेला लाँचच्या रांगेत उभे राहतात आणि घारापुरी गाठतात. घारापुरी बघावीच. पण तिच्या तोडीचं एक शिल्प परळ गावात, बारादेवीच्या देवळात उभं आहे, आणि परळच्याच चाळींत जन्म काढलेल्या कितीतरी माणसांनी ते पाहिलेलं नाही. शाळेत तीस-एक वर्षं चित्रकला शिकवताना मी मुलांना आधी तिकडे न्यायची. संग्रहालय नंतर.

१९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चालू असताना ही शिळा जमिनीतून वर आली. सुमारे साडेतीन मीटर उंच, आणि एकाच शिळेत सात शिव. मधला सरळ उभा. त्याच्या खांद्यांमागून दुसरा वर आलेला, दुसऱ्याच्या मागून तिसरा. त्यांच्यातून डावी-उजवीकडे आणखी आकृती निघतात, अर्धवट वळलेल्या, तिरक्या. पायाशी गण वाद्यं वाजवत बसलेत. जाणकार ही शिळा पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. तिच्यासमोर उभं राहिलं की आधी गुडघे दिसतात, मग कंबर, मग छाती, आणि नजर आपोआप वर चढत जाते. डोळ्याला असं वर नेण्यासाठी शिल्पकाराने खालच्या अंगाला भार दिला आणि वरच्या आकृती मोकळ्या केल्या. चेहरे शांत आहेत. सातही जणांचा श्वास छातीत भरून राहिलाय असं वाटतं, कारण पोटावर एकही स्नायू ताणलेला दाखवलेला नाही. मुलांना मी सांगायची, श्वास आत घ्या आणि आता स्वतःच्या पोटाकडे बघा.

एवढं मोठं शिल्प सापडल्यावर ते संग्रहालयात जाणार हे उघड होतं. पण परळकरांनी त्याची पूजा सुरू केली, आणि शिळा गावातच राहिली. संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, तिचा प्लास्टरचा छाप आहे. मला ही वाटणी फार योग्य वाटते: अभ्यासकाला छाप, गावाला देव. महाशिवरात्रीला माझी आई तिथे बेल घेऊन जायची. गुप्त-वाकाटक काळ वगैरे तिला ठाऊक नव्हतं, पण पायाशी बसलेल्यांपैकी कोणाच्या हातात कुठलं वाद्य आहे ते तिने मला बोट दाखवून सांगितलं होतं.

याच्या अगदी उलट गत घारापुरीच्या हत्तीची झाली. पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते या काळ्या दगडी हत्तीवरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले आणि तिथे १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. अंगावरचे सांधे दिसतात. बेटावर ज्या जागेने तो शेकडो वर्षं सांभाळला, तिथे आता त्याचं काही नाही.

हत्ती फुटला ती १८६० नंतरची दहा वर्षं मुंबईने दगडावर पैसा ओतला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. त्याची भरपाई इथल्या कापसाने केली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अचानक पैसा आला. १८६२ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर म्हणून आला आणि फोर्टचा जुना तट पाडायला घेतला. मोकळ्या झालेल्या जागेवर इमारतींची रांग लागली. इमारतींना कोरीव काम हवं होतं, आणि ते करणारे हात इथेच तयार होत होते. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं होतं. १८६५ मध्ये तिथे लॉकवुड किपलिंग शिल्पकला शिकवायला आला आणि जॉन ग्रिफिथ्स चित्रकला. किपलिंगचा मुलगा रड्यार्ड पुढे एवढा गाजला की बापाचं काम झाकून गेलं. मला बाप अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्याचं काम क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दारावर आहे. इमारत विल्यम इमर्सनची, १८६९ ची. प्रवेशाच्या कमानींवर किपलिंगचे उठावपट आहेत: एकात गव्हाच्या शेतात राबणारी माणसं, दुसऱ्यात बाजारातली माणसं. राजा नाही, राणी नाही, देवदूत नाही. सकाळी टोपली घेऊन जो माणूस त्या दारातून आत जातो, तोच वर दगडात आहे. आणि हे १८६९ साली, एका इंग्रज कारभाऱ्याच्या नावाच्या मंडईवर! आतल्या कारंज्यावरही किपलिंगचं कोरीव काम आहे. मंडईत गेलात तर मधोमध शोधा. माल आणि माणसांच्या गर्दीत ते चटकन दिसत नाही.

दगडाचंही सांगते. त्या काळच्या मुंबईत भिंतींना बहुधा कुर्ल्याचा किंवा मालाडचा दगड, आणि बारीक कोरीव कामाला पोरबंदरचा. पोरबंदरचा दगड मऊ, फिकट पिवळसर. त्यात छिन्नी चांगली चालते. पण तो पाणी पितो. समुद्राची खारी हवा त्यात मुरते, मीठ आत साठतं आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. काही ठिकाणी दुरुस्तीच्या नावाने सांध्यांत सिमेंट भरलं. मग आतलं पाणी सांध्यातून बाहेर पडायचं ते दगडातून पडू लागलं आणि दगडच झडला. तिथे चुनाच हवा.

बोरीबंदरचं स्टेशन, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलं. त्याच्या कोरीव कामात ग्रिफिथ्सच्या हाताखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी भाग घेतला. घुमटावरची प्रगतीची मूर्ती आणि फाटकावरचे सिंह-वाघ टॉमस अर्पचे. त्याचं नाव पुस्तकांत सापडतं. खांबांच्या माथ्यावरची पानं, माकडं, मोर कोरणाऱ्या पोरांची नावं सापडत नाहीत. मी मुलांना दुर्बीण देऊन एकच पान बघायला लावायची. पान मागून पोकळ केलेलं असतं, आणि कडा पुढे ओढलेली. त्यामुळे खाली सावली पडते आणि साठ फुटांवरूनही पान सुटं दिसतं. वर्गात परतल्यावर तेच पान शाडूत करायचं. बहुतेकांचं चपटं यायचं. लालबागच्या गणपती कारखान्यातला एक मुलगा होता, त्याने काही न विचारता मागून माती काढली. विचारलं तर म्हणाला, "बाई, गणपतीचा कान असाच करतात."

इमारतींवरचं हे सगळं कोरीव काम जागेवर आहे. जे हललं ते चौथऱ्यावरचं. स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतले साम्राज्याचे पुतळे काढायचे ठरले आणि १९६५ मध्ये ते राणीच्या बागेत गेले. बोएमने घडवलेला, अल्बर्ट ससूनने दिलेला, १८७९ चा घोड्यावरचा सातवा एडवर्ड त्यातच गेला. घोड्याच्या नावाने ओळखला जाणारा चौक मात्र घोड्याशिवाय पन्नास वर्षं काळा घोडाच राहिला; २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. खंडेराव गायकवाडांनी दिलेला संगमरवरी व्हिक्टोरियाचा पुतळाही आता बागेतच आहे. हाच तो पुतळा, ज्याला १८९६ मध्ये चापेकरांनी डांबर फासून खेटरांची माळ घातली होती. बोरीबंदरच्या घड्याळाखालचा राणीचा कोनाडाही रिकामा आहे. ते काढणं बरोबरच होतं, असं माझं मत आहे. भर चौकात मान वर करून कोणाला बघायचं, हे त्या चौकातून रोज जाणाऱ्यांनी ठरवावं.

प्यावांना, म्हणजे रस्त्यावरच्या दगडी पाणपोयांना, मात्र कोणी हात लावला नाही. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात चाळीस प्याव बांधले असं सांगतात. मांडवीच्या भातबाजारात केशवजी नाईकांचा १८७६ चा प्याव आहे, घड्याळाच्या मनोऱ्यासकट. जीपीओजवळ मिंट रोडवर रतनशी मुळजींचा १८९४ चा. रतनशींचा एकुलता एक मुलगा धरमशी कोवळ्या वयात गेला. प्याव त्याच्या आठवणीचा आहे, वर त्या मुलाची मूर्ती आणि खाली हत्तींची मस्तकं. हमालाने ओझं उतरवून, त्या हत्तींशी ओणवं होऊन पाणी प्यावं, यापेक्षा शिल्पाची जवळची ओळख कुठली? पुढे घरोघर नळ आले, प्याव कोरडे पडले, त्यांना टेकून टपऱ्या लागल्या, रंगाचे थर चढले. अलीकडे काहींची चांगली दुरुस्ती झाली आहे. नुसता दगड धुऊन थांबू नये, पाणीही सोडावं.

गावठाणांतले क्रूस याच जातीचे. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगमध्ये ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभे केले. मुंबईत फिरताना आजही दिसतात, बहुतेकदा झेंडूच्या माळेसकट.

शेवटी राजाबाई टॉवर, कारण तिथे एक नाव आहे. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, आईचं नाव दिलं. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा. तो कधी हिंदुस्थानात आलाच नाही. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत, आपापल्या पागोट्या-पोशाखांत. त्यांचे नमुने घडवले कामावरचे सहायक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी. इमारतीचा हिशोब सांभाळता सांभाळता या माणसाने रस्त्यावरची माणसं निरखली, मातीत उतरवली आणि मनोऱ्यावर चढवली. ओव्हल मैदानात खेळायला येणाऱ्या पोरांना रायचंद माहीत असतात, क्वचित स्कॉटही. मैदानाच्या बाजूला कठड्यालगत एक लहानशी पाटी लावून तिच्यावर मुकुंद रामचंद्रांचं नाव मराठीत लिहावं, आणि चोवीस जणांपैकी कोण कुठे उभा आहे त्याचा नकाशाही. दुर्बिणी मी देईन.