लघुपट, स्वतंत्र (मराठी)

स्टुडिओ वा वाहिनीच्या भांडवलावाचून, पदरच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या तुटपुंज्या पैशांत केलेला छोटा कथापट. लांबीचा नियम सर्वत्र एक नाही. ऑस्करसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांची मर्यादा आहे.

मराठीत उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ने या प्रकाराकडे लक्ष वेधले. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना त्यांनी तो केला. आईने पोटापाण्यासाठी घरात आणलेली पिठाची गिरणी मुलाला आधी अप्रूपाची वाटते, मग तिची घरघर नकोशी होते. ‘गिरणी’ला मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारानंतर काही वर्षांतच त्यांचा ‘वळू’ (२००८) हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला.

अधिक दूरगामी ठरला नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) संज्ञापनाचे शिक्षण घेताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो तयार झाला. चोरीवर गुजराण करणाऱ्या पारधी पोराला शाळेची ओढ लागते, एवढेच कथानक. पण कॅमेरा कीव करत नाही. त्यातला सूरज पवार पुढे मंजुळे यांच्याच ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) या पूर्ण लांबीच्या चित्रपटांतही दिसला.

लघुपट ही निव्वळ मोठ्या पडद्याची पायरी, हा समज मात्र अपुरा आहे. ‘सैराट’च्या अफाट यशानंतर मंजुळे पुन्हा ‘पावसाचा निबंध’कडे वळले. घर गळत असताना पावसावर निबंध लिहू पाहणाऱ्या मुलाच्या या गोष्टीने त्यांना कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. त्याआधी तो मान गोव्याच्या आदित्य जांभळे यांना ‘आबा... ऐकताय ना?’साठी मिळाला होता.

चित्रपटगृहांच्या वेळापत्रकात लघुपटाला जागा नसते. महोत्सव, फिल्म सोसायट्या आणि यूट्यूब हेच त्याचे पडदे.