चोवीस फेरे

रेडिओवर कीर्तन लागलं की आबा विचारायचे, "पखवाज ऐकू येतोय, टाळ कुठं गेले?" वयानुसार बारीक आवाज आधी जातात, हे मला माहीत होतं. म्हणून पुण्याहून अंबाजोगाईजवळच्या आमच्या घरी उभे स्पीकर आणले. टाळ तरीही येईनात. आठवडाभर मी ॲम्प्लिफायरला दोष दिला. मग एका संध्याकाळी आबांच्या शेजारी चटईवर बसलो. ट्वीटर जमिनीपासून ९५ सेंमीवर, आबांचा कान ७० वर. टाळ आमच्या डोक्यावरून चालले होते.

हे स्पीकर सोफ्यावरच्या माणसासाठी बनलेले. पण ऐकणारा कुठं बसलाय हा प्रश्न तसा बराच उशिरा आला. १९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्कोनं तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत रेडिओ शेती मंडळांचा प्रयोग केला. एका रेडिओसमोर वीसेक गावकरी, ऐकून झालं की चर्चा. (बीड तेव्हा हैदराबाद राज्यात, म्हणून आपण त्यात नाही.) तिथं आवाज सगळ्यांचा होता, कुणा एकाच्या कानाचा नव्हता. पुढच्याच वर्षी इंग्लंडात पीटर वॉकरचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आला. बुटक्या पायांवर, पाठ मागे झुकवलेला, म्हणजे आवाज खुर्चीतल्या माणसाकडे वर जावा. १९७६ मध्ये झिगफ्रीड लिंकविट्झनं गणितानं दाखवलं की वूफर आणि ट्वीटर वर-खाली बसवलेले असल्यानं जिथं दोघं मिळून वाजतात त्या पट्टीत आवाजाचा झोत तिरका होऊ शकतो. केईएफच्या १९७७ च्या १०५ मॉडेलचं तर वरचं डोकंच वळवता यायचं.

माझ्या काकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा मंडप-लाउडस्पीकरचा धंदा. लिंबाला कर्णा बांधताना मागून पाचर ठोकून त्याचं तोंड खाली करायचे. "वर ठेवला तर कीर्तन शेजारच्या गावाला," म्हणायचे.

मला पाचरीऐवजी आटे असलेले स्पाइक हवे होते. हिशेब सोपा. कान २५ सेंमी खाली, अंतर २५० सेंमी, म्हणजे उतार दहाला एक. पुढच्या-मागच्या स्पाइकमध्ये ३० सेंमी, म्हणून मागची बाजू ३ सेंमी वर. एम-८ स्क्रू एका फेऱ्यात सव्वा मिलिमीटर चढतो. चोवीस फेरे. बाजारातले बहुतेक स्पाइक इथंच बाद होतात, कारण त्यांचे आटेच तेवढे लांब नसतात. ३ सेंमी बाहेर काढूनही निदान ८-१० मिलिमीटर आटे आत राहायला हवेत, शिवाय लॉकनटला जागा. सोन्याचा मुलामा वगैरे बघू नका, आट्यांची लांबी बघा. लॉकनट नसेल तर घेऊच नका; कंपनानं स्क्रू हळूहळू फिरतो.

दुसरी अडचण शहाबादी फरशी. ती सपाट दिसते, नसते. तिवई कधी डगमगत नाही, चार पायांचं टेबल डगमगतं, स्पीकरचंही तसंच. आधी तीन स्पाइक लावले, चौथा फरशीला टेकेपर्यंत फिरवला. डावी-उजवी बाजू गवंड्याच्या पाणसळीनं पाहिली, मोबाइलच्या ॲपवर विश्वास ठेवला नाही. टोकाखाली पितळी चकत्या, नाहीतर फरशीचे टवके उडतात.

पुढे झुकलेला उंच खोका पोरांच्या घरात धोक्याचा, म्हणून वरून पट्टा घेऊन भिंतीला बांधला. आई म्हणाली, "बैल बांधल्यासारखं दिसतंय."

आबांनी कीर्तन लावलं. थोड्या वेळानं नुसतं बोट वर केलं. टाळ.

महिनाभर छान चाललं. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. आता आबा खुर्चीत बसतात. परवा त्यांचा फोन आला: "अरे, ते टाळ परत गेले."

शनिवारी पाना घेऊन जातोय.